चौदावी सेना कोणाची?

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या चौदाव्या सेनेला ‘विस्मृत सेना’ हे नाव पडले आणि गेली ऐंशी वर्षे ते तिला चिकटून बसले आहे. हे नाव कानी पडले की आम्हांस प्रथम हाच प्रश्न सुचतो, की विस्मृत म्हणजे कोणाला विस्मृत? आफ्रिकेचे वाळवंट आणि नॉर्मंडीचा किनारा यांपुढे आसामच्या डोंगरांतील बातमी लंडनच्या वृत्तपत्रांना दुय्यम वाटली, हे खरे. तेथील गोऱ्या शिपायांना त्याचे शल्य वाटावे, हेही स्वाभाविक. परंतु ज्या देशाने या सेनेतील बहुसंख्य माणसे पुरविली, त्या देशातील सुशिक्षितांनीही ती विसरावी, याला काय म्हणावे? इंग्रजांनी तरी आपले विस्मरण दूर केले आहे. २०१३ साली लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने ब्रिटनची सर्वश्रेष्ठ लढाई कोणती, असा कौल घेतला, तेव्हा वॉटर्लू आणि नॉर्मंडी यांना मागे सारून इंफाळ-कोहिमाला पहिला मान मिळाला. ब्रिटनची लढाई! आमच्या भूमीवर, बव्हंशी आमच्या माणसांनी लढलेली लढाई दुसऱ्याच्या खाती जमा झाली आणि आमच्याकडे कोणाला त्याची दाददेखील नव्हती.

ही सेना १९४३ च्या अखेरीस उभी राहिली. सेनापती विल्यम स्लिम. तिच्या डिव्हिजनांची जी गणती नेहमी दिली जाते, तीत हिंदी डिव्हिजन आठ, आफ्रिकन तीन आणि ब्रिटिश अवघे दोन. हिंदी डिव्हिजनांतही गोऱ्या पलटणी होत्या आणि गुरखे नेपाळचे होते, हे आम्ही विसरत नाही. हिशेब प्रामाणिकपणेच मांडला पाहिजे. तो तसा मांडूनही उत्तर बदलत नाही. १९३९ साली सुमारे दोन लाखांची असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली, आणि तिच्या पराक्रमाचे सर्वांत मोठे क्षेत्र हेच होते.

पण या सेनेचा इतिहास म्हणून जे वाचावयास मिळते, त्यात माणसे कोठे असतात? असतो तो सेनापती, त्याचे नकाशे, त्याच्या कचेरीतील हेवेदावे. मे १९४५ मध्ये, रंगून हाती येऊन चार दिवस होत नाहीत तोच, वरिष्ठ असलेल्या लीझने स्लिमला बाजूस सारण्याचा घाट घातला आणि शेवटी लीझलाच जावे लागले, या प्रकरणावर जितकी शाई खर्ची पडली आहे, तिचा दहावा हिस्सा तरी खेचरे हाकणाऱ्यांच्या वाट्यास आला आहे काय? स्लिमविषयी आमचा आकस नाही. उलट, त्याचे मोठेपण त्याच्या चरित्रकारांपेक्षा त्याला स्वतःलाच अधिक नेमके ठाऊक होते, असे आमचे मत आहे. ही लढाई प्रथम हिवतापाशी आहे, हे त्याने ओळखले. १९४३ साली जखमी होऊन मागे पाठविलेल्या एका माणसामागे १२० माणसे आजाराने मागे जात होती. मेपाक्रीनची गोळी प्रत्येक शिपाई खरोखर गिळतो की नाही, हे पाहण्यासाठी तो अचानक तपासणी करवी, आणि हयगय आढळली म्हणून त्याने तीन पलटणींचे प्रमुख घरी बसविले. आघाडीवरील शिपाई अर्ध्या शिध्यावर आला की त्याच्या कचेरीलाही अर्धाच शिधा मिळे. विमानातून रसद टाकण्यास रेशमी छत्र्या पुरेनात, तेव्हा कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांतून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. त्यांची किंमत रेशमी छत्रीच्या मानाने नगण्य होती. समोरच्या मुतागुचीने तीन आठवड्यांच्या शिध्यावर इंफाळ घेण्याचा बेत केला आणि अन्न म्हणून गुरांचे कळप हाकत चिंदविन ओलांडली. त्यातील कित्येक जनावरे नदीतच गेली. उरलेली कथा उपासमारीची आहे. सातोने कोहिम्याहून आपले डिव्हिजन वरिष्ठांची आज्ञा मोडून मागे घेतले ते त्याच कारणाने. विजय कोणाच्या प्रतिभेने झाला, असे विचारणाऱ्यांनी ताग, गोळ्या आणि रस्ते यांचाही विचार करावा. ते रस्ते आसामच्या चहामळ्यांतील मजुरांनी डोंगर फोडून केले, आणि नागा लोकांनी पाठीवरून ओझी नेली, जखमी वाहून आणले.

कोहिम्याचेच पाहा. सामान्य इंग्रजी वर्णनांत ही लढाई म्हणजे डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचे टेनिसचे मैदान आणि केंट परगण्याची एक पलटण. त्या पलटणीने शौर्याची शर्थ केली, याबद्दल वाद नाही. पण कोहिम्याच्या आधी जेसामी आणि खारासोम येथे शत्रूला अडविले ते १९४१ साली नव्याने उभ्या केलेल्या आसाम रेजिमेंटने. आणि वेढ्याच्या दोन आठवड्यांत त्या टेकडीवर चढून येणाऱ्या जपान्यांवर मारा करीत राहिल्या त्या जोत्सोम्याहून हिंदी पहाडी तोफा. हे सर्व ग्रंथांत नाही, असे नव्हे. पण ते तळटिपांत आहे.

मराठी वाचकांस याहून जवळची गोष्ट सांघशाकची. उख्रूलच्या बाजूला तांगखूल नागांचे हे एक खेडे. मार्च १९४४ मध्ये पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण तेथे अडकली. खाली कातळ, त्यामुळे खंदक खणता येईना, पाण्याचा दुष्काळ. सहा दिवस त्यांनी ती टेकडी धरून ठेवली आणि कोहिम्यावर धावून निघालेल्या जपान्यांचा मोलाचा वेळ खाल्ला. पुढे वरिष्ठांच्या कचेऱ्यांत दोष ठरला तो मात्र त्या ब्रिगेडच्या प्रमुखाचा. पानिपतच्या बखरी आणि कादंबऱ्या आमच्या घरोघर आहेत. सांघशाक हे नाव आमच्या किती पदवीधरांनी ऐकले आहे?

यावर ठरलेला आक्षेप येतो, की ही पोटार्थी, परक्या सरकारची भाडोत्री फौज; तिचा अभिमान कसला? आम्ही अभिमानाची गोष्टच काढलेली नाही, इतिहासाची काढली आहे. शिपाई पोटासाठी गेला, हे बव्हंशी खरे. पण मग आमचे कारकून, मामलेदार आणि प्राध्यापक त्याच सरकारचा पगार कोणत्या उदात्त हेतूने घेत होते? आणखी असे, की चौदाव्या सेनेपुढे जपान्यांच्या बरोबरीने आझाद हिंद सेनेचे हजारो सैनिकही उभे होते. पलेलच्या बाजूस दोन्हींकडील माणसे बहुधा त्याच जिल्ह्यांतील, एकाच रेजिमेंटच्या संस्कारांत वाढलेली होती. लाल किल्ल्यावर नोव्हेंबर १९४५ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा देशाने एका बाजूस आपले मानले आणि दुसरीकडे पाठ फिरविली. आझाद हिंद सेनेला दिलेला मान आम्हांस तिळमात्र कमी करावयाचा नाही. पण एका खेड्यातून निघालेल्या दोन भावांपैकी एकाचीच तसबीर भिंतीवर लावून घराचा इतिहास पुरा होत नाही.

आणि तिसरा भाऊ उपाशी मेला, त्याचे काय? चौदावी सेना आकारास येत होती ते वर्ष बंगालच्या दुष्काळाचे. सुमारे तीस लाख माणसे त्यात गेली. जपानी येतील या भयाने १९४२ साली सरकारने बंगालच्या किनारी भागातील हजारो नावा काढून घेतल्या वा निकामी केल्या. कोळी आणि शेतकरी दोघांचेही हातपाय तुटले. सेनेची कचेरी कोमिल्याला, म्हणजे त्याच बंगालात. वेव्हेल ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉय झाला आणि त्याने अन्न पोहोचविण्यास लष्कर लावले, तोवर फार उशीर झाला होता. इंग्रजी लष्करी इतिहासात हा दुष्काळ पिछाडीची एक अडचण म्हणून येतो. आमच्या दुष्काळाच्या इतिहासात सेनेचा उल्लेख जेमतेम येतो. दोन्ही गोष्टी एका पुस्तकात आल्याखेरीज दोन्हींपैकी एकही नीट कळावयाची नाही.

फाळणीने आणखी घोटाळा केला. रेजिमेंटा वाटल्या गेल्या, कागदपत्रे विखुरली, आणि कोणत्याही एका राज्याला ही सेना सर्वस्वी आपली म्हणता येईना. जानेवारी १९४५ मध्ये अराकानातील कांगॉ येथे एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढल्या : पंजाब पलटण आमच्या थोरातांकडे, हैदराबादची थिमय्यांकडे, बलूच सेनांकडे. (काटेकोर वाचकांसाठी सांगतो, की त्यांचे पंधरावे कोअर तोवर चौदाव्या सेनेपासून वेगळे काढले होते.) त्यांतील बलूच पुढे पाकिस्तानच्या वाट्यास गेले. अशा लढाईचा इतिहास कोणत्या सरकारच्या खात्याने लिहावा?

म्हणून तो सरकारी खात्यावर न सोपविता विद्यापीठांनी हाती घ्यावा, असे आमचे म्हणणे आहे. इंग्रजी युद्धस्मृतींचे भाषांतर करून तो होणार नाही. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरातील पलटणींच्या नोंदी, सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीच्या घरांत जुन्या ट्रंकांतून पडलेली पत्रे आणि पेन्शनचे कागद, बंगालच्या महसुली दप्तरातील नावांच्या जप्तीचे हुकूम, ही साधने गोळा करण्यास एखादी पिढी पुरे आहे. रंगूनजवळ तौक्यान येथील स्मारकावर ज्यांचे प्रेत वा थडगे सापडले नाही अशांची सुमारे सत्तावीस हजार नावे कोरलेली आहेत, त्यांतील बहुतेक हिंदी सैन्यातील. कोहिम्याच्या दहनस्मारकावर ९१७ हिंदू आणि शीख शिपायांची. निदान या यादीतील मराठी नावे कोणत्या गावची, हे शोधण्याचे काम तरी आमच्या एखाद्या महाविद्यालयाने येत्या वर्षीच सुरू करावे.