हरणाऱ्या संघाचे खाते

माढा तालुक्यात ‘हंगाम’ हा शब्द उच्चारला की प्रथम आठवतो तो उसाचा गाळप हंगाम आणि त्यापाठोपाठ रब्बी ज्वारीचा. आडत दुकानाची उधारी, बँकेचा हप्ता, घरातील लग्नकार्य हे सारे याच हंगामांच्या हिशेबाने चालते. त्याच दिवसांत आणखी एक हंगाम येऊन जातो. मात्र त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तो म्हणजे गावातील महाविद्यालयाच्या संघाचा हंगाम. पहाटे मैदानावर धावणारी मुले-मुली आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी एस.टी.ने परगावी जातात आणि पुष्कळदा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरून परततात. मग घरात प्रश्न विचारला जातो, ‘या खटाटोपातून मिळाले काय?’

प्रश्न गैर नाही. व्यापारी घरात तो प्रत्येक व्यवहाराला विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना सातासमुद्रापलीकडील एका लहान महाविद्यालयाचे उदाहरण उपयोगी पडते.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल या शहरी मॅकॅलेस्टर नावाचे महाविद्यालय आहे. विद्यार्थी सुमारे दोन हजार. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी महासचिव कोफी अन्नान १९६१ मध्ये येथूनच पदवीधर झाले. विद्येसाठी नावाजलेल्या या संस्थेचा एक फुटबॉल संघ आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो मुख्यतः हातांनी खेळला जातो. मैदान १०० यार्डांचे, दोन्ही बाजूंचे खेळाडू अकरा-अकरा. लांबट चेंडू घेऊन चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावयाचे; न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. कबड्डीतील पकडीचा जोर ज्याने पाहिला आहे, त्याला या खेळातील झुंजीची कल्पना सहज यावी.

महाविद्यालयांचा हा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असा चालतो आणि त्यात साधारण दहा सामने होतात. मॅकॅलेस्टरसारखी लहान महाविद्यालये आज ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात, तेथे खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. शनिवारी मैदानावर अंग ठेचून घेतलेला विद्यार्थी सोमवारी इतरांसारखाच वर्गात बसतो. मोठ्या विद्यापीठांच्या संघांभोवती असणारा पैसा आणि प्रसिद्धी यांपैकी त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही.

१९७४ ते १९८० या काळात मॅकॅलेस्टरचा हा संघ लागोपाठ ५० सामने हरला. पहिल्या वर्षी आलेला विद्यार्थी चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडला, तरी त्याने एकही विजय पाहिला नाही, अशीही तुकडी त्यात होऊन गेली. बँकेच्या भाषेत हे खाते केव्हाच बुडीत ठरले असते. अखेर ६ सप्टेंबर १९८० रोजी माउंट सेनारिओ या महाविद्यालयाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी मारलेल्या एका किकने सामना १७-१४ असा जिंकला गेला.

त्या विजयाने संघाचे दैव पालटले, असे मात्र नाही. पराभव पुढेही होतच राहिले. २००२ मध्ये आपल्या परिसरातील बलाढ्य स्पर्धा-मंडळातून या संघाने फुटबॉलपुरती माघार घेतली आणि तो स्वतंत्रपणे खेळू लागला. झेपेल तेवढाच व्यवहार करावा, हे शहाणपण त्यामागे होते. दुकान मात्र बंद केले नाही. २०१४ मध्ये तो मिडवेस्ट नावाच्या मंडळात दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात तेथील अजिंक्यपद त्याने पटकावले. १९८० च्या त्या किकपासून चौतीस वर्षे लोटली होती.

याच खेळाचा एक डाव भारतातही मांडला गेला होता. २०१२ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या नावाने आठ संघांची स्पर्धा झाली. कर्ट वॉर्नर, माइक डिटका यांच्यासारखी अमेरिकी फुटबॉलमधील बडी मंडळी तिच्या पाठीशी होती. सामने श्रीलंकेत, कोलंबो येथे खेळविले गेले. त्यांचे चित्रीकरण करून ते पुढे दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. खेळाडूंपैकी बहुतेकांनी हा खेळ त्यापूर्वी कधी खेळलेला नव्हता. पहिले अजिंक्यपद मिळविले ‘पुणे मराठाज’ या संघाने. आज पुण्याच्या रस्त्यावर शंभर जणांना या विजेत्यांविषयी विचारले, तर किती जणांना उत्तर देता येईल? संघ पुण्याचा, सामने कोलंबोचे आणि प्रेक्षक पडद्यापलीकडचे. भांडवल होते, जाहिरात होती, विजयही होता. पण आपला संघ म्हणून मैदानाच्या कडेला उभे राहणारे गाव नव्हते. त्या स्पर्धेचा पुढचा हंगाम त्या दिमाखाने उभा राहू शकला नाही.

दोन्ही खाती शेजारी ठेवून पाहावीत. एक संघ सहा वर्षे हरत राहिला आणि टिकला. दुसरा जिंकला आणि विसरला गेला. संघाचे खरे भांडवल कोणते, हे यावरून उमजते. दरवर्षी जुने विद्यार्थी निघून जातात, नवे येतात आणि कालचा पराभव ठाऊक असूनही सरावाला उभे राहतात. संस्था, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि गाव यांनी तो क्रम तुटू दिला नाही, तर एखाद्या पिढीच्या पदरी यश पडते. ते कोणत्या पिढीच्या, हे कोणालाच आधी सांगता येत नाही.

सोलापूर जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. वेळापूर, वाडीकुरोली यांसारख्या गावांनी खो-खोमध्ये नाव मिळविले ते वर्षानुवर्षांच्या सरावानेच. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत भारताने नेपाळला नमवून अजिंक्यपद मिळविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ज्या खेळाला फारसे साहित्य लागत नाही, केवळ मोकळी जमीन आणि दोन खांब लागतात, त्याची मुळे शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांतच असतात.

माढा, कुर्डुवाडी, मोडनिंब, टेंभुर्णी येथील पेढ्या देणगीस मागे राहणाऱ्या नाहीत. एखाद्या दिवसाच्या स्पर्धेसाठी मोठा चषक आणि व्यासपीठावर नाव, हा व्यवहार सर्वांना परिचित आहे. संघाला मात्र वर्षभर लहान-लहान गोष्टींची गरज असते: बुटांचे जोड, सामन्याला जाण्या-येण्याचे भाडे, सरावानंतर पोटभर न्याहारी, दुखावलेल्या गुडघ्यावर वेळेवर उपचार. चार दुकानदारांनी मिळून यातील एकेक बाब तीन-चार वर्षांसाठी उचलली, तर तो खर्च दिवाळीच्या रोषणाईहून जड जाणार नाही.

त्याहून अवघड आहे ती दुसरी गोष्ट. मुलगा अथवा मुलगी संघात निवडली गेली, तर अभ्यासाचे वेळापत्रक सांभाळून तिला खेळू द्यावे आणि एखाद्या दुपारी गल्ला दुसऱ्याच्या हाती सोपवून सामना पाहावयास जावे. त्या दिवशी संघ हरण्याचाच संभव अधिक असतो. परतताना गुण विचारू नयेत. उद्याचा सराव किती वाजता आहे, एवढेच विचारावे.