वाचकांशी हितगुज : माईंची गोळी आणि एक नवी विद्या

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज कोणी ना कोणी तरुण मुलगा वा मुलगी संगणकाच्या पडद्यासमोर बसून ‘फ्रंट-एंड’ नावाची विद्या शिकत असेल. ही विद्या म्हणजे नेमके काय, आणि ती शिकणाऱ्यास घरच्या वडीलधाऱ्यांनी कोणते साहाय्य करावे, असा प्रश्न आपणांस पडणे स्वाभाविक आहे. मला त्याचे उत्तर जबलपूरच्या ओमती भागात, माझ्या ताईच्या घरी, एका औषधाच्या गोळीने दिले.

जबलपूर व नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. त्यामुळे या हिंदीभाषक शहरात मराठी बोलणारी जुनी घरे आजही आढळतात. ताईचे घर त्यांपैकीच एक. तिच्या सासूबाईंना सारे घर ‘माई’ म्हणते. माईंना मधुमेह आहे आणि दृष्टीही अधू झाली आहे. त्यांच्यासाठी माझ्या भाचीने भ्रमणध्वनीवर चालणारे एक छोटे पान तयार केले. दिवसभरातील गोळ्यांची यादी, प्रत्येकीपुढे खूण करण्याची जागा, आणि वर ठळक अक्षरांत ‘बाकी गोळ्या’ हा आकडा, एवढाच त्याचा संसार.

एके संध्याकाळी माईंनी गोळी घेतली, खूण केली. परंतु वरचा आकडा ‘१’ हाच राहिला. बारीक खूण माईंना दिसेना, ठळक आकडा मात्र दिसला. त्यांनी दुसरी गोळी हातात घेतली, इतक्यात ताईचे लक्ष गेले म्हणून बरे! मधुमेहाची गोळी दोनदा घेतल्यास रक्तातील साखर एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानंतर दोन दिवस ती संगणकाजवळ फिरकली नाही. “मामा, मला हे जमायचं नाही,” एवढेच ती म्हणाली.

चूक कोठे होती? पडद्यावरील प्रत्येक बदल तिने हाताने लिहिला होता : खूण झाली की ही ओळ पुसा, तो आकडा कमी करा. संध्याकाळच्या गोळीपुरती दुसरी सूचना लिहावयाची राहून गेली. एकच गोष्ट दोन ठिकाणी नोंदली की दोन्हींत अंतर पडण्याची भीती असतेच. किराण्याच्या वहीत एक हिशेब आणि दुकानदाराच्या खात्यात दुसरा, हा अनुभव कोणत्या गृहिणीस नाही?

हीच अडचण दूर करण्यासाठी ‘फ्रेमवर्क’ म्हणजे तयार चौकटी निघाल्या. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत प्रथम सिद्ध केली. पुढे पाने मोठी व गुंतागुंतीची झाली, तेव्हा २०१० मध्ये अँग्युलरजेएस, २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट आणि २०१४ मध्ये व्ह्यू ही साधने लोकांपुढे आली. (रिअ‍ॅक्टचे कर्ते तिला चौकट न म्हणता ग्रंथालय म्हणतात, परंतु शिकणाऱ्याने त्या वादात पडू नये.) या साधनांत आपण पडद्याला एकेक आज्ञा देत नाही. माहिती अशी असेल तर पान असे दिसावे, एवढेच लिहावयाचे. माहिती बदलली की पानाचा तेवढा भाग साधन स्वतः बदलते.

या माहितीस ‘स्टेट’ म्हणतात. भाचीची टिपणे मराठीत उतरवून देताना मी घाईने त्याचा अनुवाद ‘राज्य’ असा केला. “मामा, माईंच्या गोळ्यांचं कुठलं राज्य?” असे म्हणून ती दोन दिवसांत प्रथमच हसली. योग्य शब्द होता ‘स्थिती’. अनुवादकाने व्यवसाय जाणल्याविना शब्दकोश उघडू नये, हा धडा मला मिळाला.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. परंतु येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. तिने यादी आणि बाकीचा आकडा अशा दोन वेगळ्या स्थिती ठेवल्या असत्या, तर नव्या चौकटीतही जुनीच चूक घडली असती. म्हणून तिने जपून ठेवली ती केवळ यादी. आकडा मात्र दर वेळी त्या यादीतून मोजून घेतला. साधन मदत करते, विचार आपणच करावयाचा असतो.

आणखी एक गंमत झाली. पानाच्या कोपऱ्यात नावाचे आद्याक्षर दाखवावयाचे होते. तेथे ‘मा’ऐवजी नुसता ‘म’ उमटला. “माझा काना कुठे गेला?” माईंनी विचारले. जावास्क्रिप्ट काना-मात्रा वेगळ्या मोजते. ‘माई’ हा दोन अक्षरांचा शब्द तिच्या हिशेबी तीन घटकांचा, तर ‘ओमती’ चारांचा. अक्षरे नीट तोडण्यासाठी ‘इंटल डॉट सेगमेंटर’ ही सोय त्या भाषेतच आहे. ती योजताच माईंना त्यांचा काना परत मिळाला. इंग्रजी धड्यांत ही अडचण क्वचितच भेटते. आपल्या लिपीत काम करणाऱ्यास ती पहिल्याच आठवड्यात भेटते.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरच्या विद्यार्थ्यास तीन गोष्टी सांगाव्यात. प्रथम एचटीएमएल, मग सीएसएस, मग जावास्क्रिप्ट, आणि त्यानंतरच चौकट, हा क्रम मोडू नये. चौकटी येतात नि जातात. अँग्युलरजेएसचा सांभाळ २०२१ अखेर थांबला, परंतु खालचा पाया टिकून आहे. दुसरे, केवळ धडे पाहत न बसता घरच्या एखाद्या माणसाच्या उपयोगाची लहानशी वस्तू करावी. तिसरे, ती वस्तू ज्याच्यासाठी केली, त्याच्या हाती देऊन शेजारी गप्प बसावे आणि त्याची बोटे कोठे अडतात ते पाहावे.

आणि वडीलधाऱ्यांनी? चूक झाल्यावर मुलाला ‘तुझे हे खूळ सोड’ असे म्हणू नये. त्या संध्याकाळी माईंनी नातीला जवळ बोलावून इतकेच सांगितले, “घाबरलीस ना? मग आता नीट कर.” तिने ते केले. पान आज ठीक चालते. तरीही गोळ्यांचा एक कागद ताईने स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवून ठेवला आहे, आणि रोज रात्री भाची दोन्ही ताडून पाहते.