पडद्यामागचा फासा

शनिवार, रात्रीचे साडेनऊ. कोथरूडमधला माझा वन बीएचके. टेबलावर पिझ्झाचा रिकामा खोका, चिवड्याचा डबा, पाच मोबाइल (सगळे पालथे, हा नियम आहे) आणि मधोमध चौकटी आखलेल्या कागदावर अंगठ्याएवढे चार वीर. त्यांच्यासमोर एक ओगर, म्हणजे हातात गदा घेतलेला धिप्पाड नरभक्षक. त्याची चाल माझ्याकडे. मी पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकते. वीस बाजूंचा तो फासा गडगडत जातो, माझ्या वहीला आपटतो आणि थांबतो.

वीस.

मी फाशाकडे बघते. चौघे माझ्याकडे बघतात. आणि मी म्हणते, ‘‘हुकला.’’

त्या एका शब्दाबद्दल आजचा कॉलम.

आधी ज्यांना यातलं काहीच कळलं नाही त्यांच्यासाठी. खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, लाडाने डी अँड डी. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून खेळतात ना, तोच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली तो बाजारात आणला. पहिली छपाई होती जेमतेम १,००० प्रतींची. फंडा सोपा आहे. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि एकाने व्हायचं डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. ती मी. चौघांची चार पात्रं सोडून उरलेलं अख्खं जग माझं. राजा मीच, वाणी मीच, राक्षस मीच आणि पाऊसही मीच. मी प्रसंग सांगायचा आणि विचारायचं, ‘‘बोल, आता तू काय करतोस?’’ जमलं की फसलं ते फासा ठरवतो. यात कुणी कप जिंकत नाही. गोष्ट पुढे जाते, बस्स.

आता आमची टीम. नावं सांगत नाही, कारण दोघांनी बॉसला ‘शनिवारी गावी जातो’ असं सांगून ठेवलंय. एक सॉफ्टवेअर टेस्टर, एक सीए, एक डेंटिस्ट आणि एक बँकवाली. टेस्टर खेळतो तो ढालवाला बुटका योद्धा, नाव दगडू. सीएने आयुष्यभराची हौस भागवायला चोर घेतलाय, नाव बिनपावती. डेंटिस्टची जादूगारीण चंद्रिका. आणि बँकवालीची जखमा बऱ्या करणारी माई, जी खेळातही सगळ्यांना ‘जेवलास का?’ विचारते.

डीएम म्हणून माझी सुरुवात जाम वाईट झाली होती. पहिल्या खेळासाठी मी २२ पानं लिहिली. राज्याचा इतिहास, तीन पिढ्यांची भांडणं, सगळं. मंडळींनी पहिले दोन तास एका घोडेवाल्याशी घासाघीस करण्यात घालवले. घोडेवाला माझ्या २२ पानांत नव्हताच! पार पोपट. पण त्या रात्री पोटात दुखेपर्यंत हसलो आणि मला पहिला धडा मिळाला. डीएमने गोष्ट लिहून आणायची नसते, अडचण आणायची असते. उत्तर खेळणाऱ्यांचं. तेव्हापासून माझी तयारी एका पानात मावते: कुणाला काय हवंय, आड काय येतंय आणि तीन माणसांची नावं. नावं हवीतच, नाहीतर ऐन वेळी प्रत्येक वाण्याचं नाव ‘अं...’ होतं.

छोट्या पुतळ्यांची, म्हणजे मिनिएचर्सची जबाबदारी डेंटिस्टकडे. दिवसभर लोकांच्या दाढांत कोरीवकाम करणाऱ्या बाईचा हात २८ मिलीमीटरच्या योद्ध्यावर काय थरथरणार? आधी प्रायमर, मग मूळ रंग. त्यावर पातळ गडद रंगाचा हात, तो खाचांमध्ये उतरला की सावल्या आपोआप पडतात. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग, की चिलखत चमकतं. दगडूच्या दाढीवर तिने दोन रविवार घालवले. हा खेळ जन्मलाच मुळी अशा शिपायांच्या लढायांमधून. गायगॅक्सचा आधीचा ‘चेनमेल’ हा १९७१ सालचा खेळ छोट्या सैनिकांच्या युद्धाचाच होता. आणि आपल्याला यात नवीन काय सांगा? दिवाळीच्या सुट्टीत माती कालवून किल्ला करायचा, अळीव पेरायचे, कुंभारवाड्यातून मावळे आणायचे आणि कुठला मावळा कुठल्या बुरुजावर यावरून भावाशी मारामारी. मिनिएचरवाल्यांचे अर्धे शौक आपण आठव्या वर्षीच करून बसलोय.

तर आता त्या शनिवारकडे.

दुपारी टेस्टरचा फोन आला होता. गुरुवारी कंपनीने त्याच्या अख्ख्या टीमला नारळ दिला होता. सात वर्षांची नोकरी, वीस मिनिटांची मीटिंग. मी म्हटलं, आज खेळ नको. तो म्हणाला, ‘‘उलट आजच हवा. आणि बाकीच्यांना सांगू नकोस, प्लीज.’’

म्हणून रात्री ओगरची गदा दगडूवर आली तेव्हा माझा हात जड झाला. वीस पडणं म्हणजे वीसात एक शक्यता, पाच टक्के. पण पडला की मार मोजायला दुप्पट फासे. दगडूकडे नऊच पॉइंट उरले होते. सरळ आडवा झाला असता. मी मनात म्हटलं, या माणसाचा आठवडा आधीच पुरेसा वाईट गेलाय. फासा उचलला आणि खोटं बोलले.

असं करावं का? बॉस, हा वाद माझ्या टेबलापेक्षा जुना आहे. १८२४ साली प्रशियात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने लष्करासाठी युद्धाचा खेळ मांडला. त्यात नकाशा होता, फासे होते आणि निकाल देणारा पंचही. पुढे १८७६ मध्ये व्हर्डी दू व्हेर्नुआ या दुसऱ्या अधिकाऱ्याने म्हटलं, फासे आणि तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तेच खरं. डी अँड डीचे डीएम या पंचाचेच वारसदार. गायगॅक्सने १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात फाशाचा निकाल फिरवण्याचा हक्क डीएमला देऊन टाकलाय. २०१४ चं पुस्तकही सांगतं, की पडद्यामागे टाकलेला फासा बदलता येतो, पण वारंवार नको आणि कळू तर मुळीच देऊ नका. म्हणजे कायद्याने मी निर्दोष.

साडेबाराला सगळे गेले. टेस्टर कप विसळायला थांबला.

‘‘ओगरचा किती पडला होता गं?’’

‘‘अकरा.’’

‘‘मी बग शोधून पोट भरतो. किती?’’

‘‘वीस.’’

तो बराच वेळ एकच कप पुसत राहिला. मग म्हणाला, ‘‘दोन महिने मॅनेजर मला सांगत होता, तुझं प्रोजेक्ट सेफ आहे. चांगल्या मनानेच सांगत असेल. इथे तरी जे पडेल ते पडू दे ना यार.’’

मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, ‘‘आणि मी पडलो असतो तर माई होती की उचलायला. तिच्याकडे मंत्र शिल्लक होता. चंद्रिका पण बाजूलाच होती. तू त्यांना चान्सच नाही दिलास.’’

हे मात्र लागलं. कारण खेळ चालवणारा म्हणून मी फक्त दगडूचा विचार केला होता. तो पडला असता तर उरलेल्या तिघांची रात्र खरी सुरू झाली असती. कोण धावतं, कोण ओगरला भुलवून लांब नेतं, कोण घाबरून चुकीचा मंत्र टाकतं. तेवढ्यासाठीच तर आम्ही जमतो. मी संकट टाळलं नव्हतं, तिघांच्या हातातलं काम काढून घेतलं होतं.

पण मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, ‘‘आणि तू? तू तरी त्यांना चान्स दिलायस का?’’

त्याने कप रॅकवर ठेवला आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी मी पडदा काढून टाकला. फासे टेबलाच्या मध्यावर, स्टीलच्या ताटात. माझे सुद्धा. टणटण आवाज होतो आणि सगळे वाकून बघतात. सीए खूश, म्हणे, ऑडिट सोपं झालं. मी सॉलिड टेन्शनमध्ये. कारण पडदा नसला की डीएमला दुसऱ्या ठिकाणी हुशारी दाखवावी लागते. राक्षस फार भारी वाटला तर तो आणायच्या आधी विचार करायचा, फासा पडल्यावर नाही. पळायला वाट ठेवायची. शत्रूला शरण जायची अक्कल द्यायची. म्हणजे दया करायची तर उघडपणे, गोष्टीच्या आत करायची.

आणखी एक शनिवार गेला की दगडूची वेळ आली. दोरीचा पूल, मागे पंचवीस-तीस गॉब्लिन. टेस्टर म्हणाला, ‘‘तुम्ही पुढे व्हा. मी खिंड लढवतो.’’ मराठी टेबलावर हे वाक्य आलं की पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत असतं. तिघे पार झाले. दगडू पडला. माई पूल ओलांडून गेलेली, तिचे मंत्रही संपलेले.

पडलेल्या पात्राला दर फेरीला वीसचा फासा टाकावा लागतो. दहा किंवा वर आला तर एक यश, खाली आला तर एक अपयश. तीन यशं आधी आली तर जीव तगला, तीन अपयशं आली तर खेळ खल्लास. चौदा. सहा. अठरा. तीन. दोन-दोन. आता वाचवणारे आकडे अकरा, मारणारे नऊ. बँकवालीने डोळे मिटून घेतले होते. टेस्टरने फासा ओठांशी नेला आणि ताटात सोडला.

नऊ.

एका आकड्याने. पडदा असता तर? मी तो दहा केला असता, शप्पथ.

कुणी काही बोलेना. मग सीए, जो वर्षभर ‘माझा सतरा, प्लस पाच, बावीस’ यापलीकडे पात्राच्या तोंडून एक वाक्य बोलला नव्हता, तो उठून उभा राहिला. बिनपावतीच्या आवाजात म्हणाला, ‘‘दगडूकडे माझी तीन सोन्याची नाणी उधार होती. ती मी आज माफ करतो.’’ आम्ही हसलो आणि हसता हसता डेंटिस्ट रडायला लागली. त्या पुतळ्याच्या दाढीवर तिचे दोन रविवार गेले होते, म्हणून असेल.

तेव्हा टेस्टर म्हणाला, ‘‘एक सांगायचंय. माझी नोकरी गेलीय. सोळा दिवस झाले.’’

‘‘सोळा?’’ बँकवाली ओरडली. ‘‘आणि तू इथे बसून गॉब्लिन मोजतोयस?’’ पुढचा दीड तास फासे तसेच ताटात पडून होते. सीएने कॅरेक्टर शीटच्या मागच्या बाजूला हप्ते आणि बचत मांडून पाच महिन्यांचं बजेट काढलं. बँकवालीने होमलोनबद्दल काय विचारायचं आणि काय आत्ताच बोलायचं नाही ते सांगितलं. डेंटिस्टने भावाला रात्री बाराला उठवून सीव्ही पाठवायला लावला. नोकरी काही त्या रात्री मिळाली नाही. पण पाचव्या कपापर्यंत टेस्टरचे खांदे जागेवर आले होते.

एक कबूल करते. पडदा वाईट असतो असं मी म्हणत नाही. सापळे, गुपितं, दाराआडची कुजबुज यासाठी तो लागतोच. नकाशाच्या नोंदी मी अजूनही त्याच्याआडच ठेवते. पण फासा ताटात.

तुम्हाला सुरुवात करायचीय? मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. सात फाशांचा एक संच घ्या: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे एकेक, दहाचे दोन. माणसं चार-पाच, वेळ तीन तास, वार एकच ठरवा आणि ‘कुणाला कधी जमेल?’ हा प्रश्न ग्रुपवर कधीही टाकू नका, तिथेच वाट लागते. एकजण नसेल तरी खेळा. पुतळ्यांवर पगार उडवायची गरज नाही. आमचे पहिले गॉब्लिन देवघरातल्या जादा सुपाऱ्या होत्या. आणि पहिल्या दिवशीच, एकही राक्षस यायच्या आधी, टेबलावर विचारून घ्या: आपली पात्रं मरू शकतात का? फासे उघड की झाकून? काहींना झाकून आवडतं, त्यातही मजा आहे. फक्त ते सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असू दे, एकट्या डीएमने मनातल्या मनात नाही.

दिवाळीत आमच्या सोसायटीच्या पोरांनी किल्ला केला. अळीव छान उगवले होते, गुहेत वाघ, पायथ्याशी प्लॅस्टिकची जीप. टेस्टर त्या संध्याकाळी फराळाला आला होता. सोमवारी त्याच्या इंटरव्ह्यूची दुसरी फेरी होती. त्याने खिशातून दगडू काढला आणि पोरांना दिला. एका मुलीने त्याला उलटसुलट करून पाहिलं. ढाल, दाढी, सगळं.

‘‘हा मावळा आहे का?’’

‘‘आहे असंच समज.’’

‘‘मग कुठे उभा करू?’’

टेस्टरने क्षणभर किल्ल्याकडे पाहिलं.

‘‘पुढे,’’ तो म्हणाला. ‘‘एकदम दरवाजात.’’