एक वही, फक्त स्वतःची

मैत्रिणींनो, आपल्या घरात वह्या किती आहेत, एकदा मोजून पाहा. दुधाचा हिशेब, किराणाची यादी, बचत गटाचे हप्ते, रांगोळीच्या ठिपक्यांची जुनी वही, पाककृतींची कात्रणं. लिहिणारा हात बहुतेक वेळा बाईचाच. पण एवढ्या वह्यांत तिच्याबद्दल एक ओळ तरी सापडते का? 'मला काय वाटलं' हा रकाना कुठल्याच वहीत नसतो!

म्हणूनच प्रत्येकीकडे एक वही फक्त स्वतःची असावी, असं मला ठामपणे वाटतं. रोज चार ओळी लिहाव्यात. डोळ्याला भावलेलं चित्र, फोटो, कात्रण त्यात चिकटवावं. 'हेच का आवडलं?' हा प्रश्न लगेच विचारू नये. महिना-दोन महिन्यांनी मागची पानं चाळली, की उत्तर आपोआप समोर येतं.

'हे शिकलेल्या बायकांचे चोचले,' असं कुणी म्हणेल. पण आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी 1862 मध्ये जन्मलेल्या रमाबाई रानडे यांना लग्नाच्या वेळी, वयाच्या अकराव्या वर्षी, अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवायला सुरुवात केली, तर घरातल्या बायकांचाच त्याला विरोध. त्याच रमाबाईंनी पुढे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या. पुस्तक आलं 1910 मध्ये. पतीच्या आठवणी म्हणून लिहिलेल्या त्या पुस्तकात खरी दिसते ती रमाबाईंची स्वतःची घडण. शिक्षिका असलेल्या शांताबाई कांबळे यांनी तर 1986 च्या आपल्या आत्मकथनाला नावच दिलं 'माज्या जल्माची चित्तरकथा'. आपलं जगणं चित्रासारखं समोर मांडून पाहायचं, हे आपल्या बायकांना नवीन नाही.

आता चित्रांचं बघा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं. पूर ओसरल्यावर ओले अल्बम उन्हात वाळत घातलेले दिसत होते. त्यात घरातली बाई कुठं होती? कडेला, हातात ताट घेऊन, नाहीतर मूल सावरत. आज मोबाईलमध्ये हजार फोटो असतात, पण ते काढणारी ती. फोटोत बाकी सगळे. त्यामुळे स्वतः निवडलेली चार चित्रंसुद्धा मोलाची ठरतात.

कुपवाडच्या आमच्या बचत गटात आम्ही हा प्रयोग केला. एक जण म्हणाली, "मला काय आवडतंबिवडत नाही बाई!" तरी जुन्या कॅलेंडरातली, पुरवण्यांतली चित्रं कापत राहिली. दोन महिन्यांनी पाहिलं, तर निम्म्याहून जास्त चित्रांत कापड, दोरा, टाके. आई गेल्यापासून तिनं वाकळ शिवली नव्हती. तिनं त्यावर उद्योगबिद्योग काही काढला नाही. एक वाकळ शिवली, ती मात्र नातवासाठी नाही, स्वतःच्या अंगावर घ्यायला. मला हे फार मोठं वाटतं.

नुसता हिशेब मांडून मात्र मन हलकं होत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा प्रयोग 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहिल्यावर लगेच त्यांना उदासच वाटलं. पण ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. अर्थात, लिहून त्रास वाढतच असेल, तर थांबावं. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वहीवर न विसंबता डॉक्टरांकडे जावं.

खरी अडचण वेळेची नाही. भीती असते ती "कुणी वाचलं तर?" याची. सासू-सुनेच्या, नवरा-बायकोच्या नात्यात वहीतली एक ओळ वादाला पुरते. म्हणून कित्येकींचं लिहिणं मनातच राहतं. मोठं झालेल्या मुलाचा मोबाईल आपण विचारल्याशिवाय उघडत नाही ना? मग तोच मान बाईच्या वहीला का नको? घरातल्यांनी तिला नवं काही आणून द्यायची गरज नाही. तिची वही उघडायची नाही, एवढंच पाळावं.

आणि जिथे तेवढाही भरवसा नाही, तिथे नुसती चित्रं चिकटवा. कोऱ्या कागदावरचं फूल, वाट, विहीर बघून कुणी भांडायला येणार नाही. आपल्याला मात्र त्याचा अर्थ कळलेला असेल. मुलांच्या जुन्या वह्यांत मागची पानं कोरी राहिलेली असतातच. सुरुवात तिथूनही होते.