होडीवर छप्पर घालण्याआधी

लातुरात बसून होडीवर लिहायचं म्हणजे लोकांना हसायला निमित्तच. ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावात मी गेल्या उन्हाळ्यात ‘होडीतलं जाणणारं कुणी आहे का हो?’ असं विचारत फिरत होते. आमच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, “आधी नळाचं विचारा, मग होडीचं!”

होडी माझी नव्हे, माझ्या भावाची. माझं माहेर नांदेडजवळ, गोदावरीच्या काठी. आम्ही तिला गंगाच म्हणतो. विष्णुपुरी प्रकल्पाचं पाणी तुंबून आमच्या शिवारापर्यंत येतं आणि अर्धी जमीन पलीकडं. त्यामुळे घरात बैलगाडीसारखीच पत्र्याची एक होडी. बावीस फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल. वल्ह्यावर चालायची. भावाच्या मनात आलं, तिला इंजिन बसवू आणि वर पत्र्याचं छप्पर टाकू. उन्हातान्हात बायामाणसं, दोन्ही पोरी त्यातूनच जातात.

वेल्डिंगवाल्यानं अंगणात बसून खडूनं आकृती काढली, भाव सांगितला, इसारही मागितला. भावजयीनं मला फोन केला, “ताई, तुम्हीच सांगा यांना. मला त्या छपराची भीती वाटायलीय.” भाऊ मागून ओरडला, “अक्का, तिचं काय ऐकतीस! त्यानं शंभर ट्रॉल्या बनवल्यात.”

ट्रॉलीला चार चाकं असतात, खाली जमीन असते. जोड पक्का बसवणं ही एक विद्या आणि तो लोखंडाचा डोलारा पाण्यावर कसा वागेल हे सांगणं ही निराळी विद्या. हे मला तरी कुठं ठाऊक होतं? पण भावजयीची भीती मला खरी वाटली.

विष्णुपुरीलाच श्री गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९८१ सालचं. ओळखीनं ओळख काढत यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि सरळ सांगितलं, “इंजिनाचं मी सांगेन. पण मी होडीचा माणूस नाही.” अशी कबुली देणारा माणूस भेटला की समजावं, आपण बरोबर दारात आलो. त्यांच्याकडूनच कळलं की जहाजं आणि होड्या आखण्याचं वेगळं शिक्षण असतं. ते खरगपूरच्या आय.आय.टी.त आणि कोचीनच्या विद्यापीठात मिळतं, आणि शिकलेल्याला नेव्हल आर्किटेक्ट म्हणतात. मासेमारीच्या लहान होड्यांसाठी कोचीलाच केंद्र सरकारची मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यामार्फत मुंबईचे एक नौका-रचनाकार मिळाले.

मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. उत्तरात सल्ला नव्हता, प्रश्नच होते! दर दोन फुटांवर होडीची रुंदी वर किती, तळाशी किती? रिकामी असताना पाण्यात किती बुडते? माणसं बसल्यावर पाण्यावर काठ किती उरतो? इंजिनाचं वजन, छपराचं वजन, छपराची उंची? भावानं कुरकुरत टेप धरली, पोरींनी वहीत आकडे लिहिले.

मग एक गंमतीचा प्रयोग करायला सांगितला. वारा नसताना होडी सैल बांधायची, मधोमध उभ्या बांबूला ओळंबा सोडायचा, आणि वीस किलो ज्वारीचं पोतं मधून एका कडेला सरकवायचं. ओळंबा किती हलला ते पट्टीवर मोजायचं. मग दुसऱ्या कडेला. होडीतल्या माणसानं तेवढा वेळ जागचं हलायचं नाही. एवढ्यावरून होडी कलायला किती हट्टी आहे ते काढता येतं.

हे तुम्हाला घरी पाहायचं असेल तर पाण्याच्या टबात स्टीलचा चपटा डबा तरंगवा आणि त्यात वाट्यांची उतरंड रचत जा. वजन तेवढंच, पण उंच गेलं की डबा लगेच आडवा. आणि परातीत बोटभर पाणी घेऊन चालून बघा, पाणी कसं एका अंगाला धावतं. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी तसंच धावतं, म्हणून ते उपसायला आळस करू नये.

रचनाकारांचा हिशेब आला. छपराचे एकशेऐंशी किलो सहा फुटांवर नेले, दहा माणसं उभी राहिली आणि एकाच कडेला सरकली, तर काठ पाण्याखाली. छप्पर नसताना तीच दहा माणसं बसून असली तर काठ वर राहतो. शिवाय छपराला वारा लागतो, आणि होडी उलटलीच तर आतली माणसं त्याच्याखाली अडकतात.

केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी बावीस माणसं गेली. मासेमारीची होडी बदलून सहलीची केलेली होती. आपल्या उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात होडी उलटून सहाजण बुडाले. ही दोन्ही कात्रणं मी भावाला दिली. तो काही बोलला नाही, पण वेल्डिंगवाल्याला ‘थांब’ म्हणून निरोप गेला.

एक गोष्ट कुणीच आधी सांगितली नव्हती. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे इंजिन बसलं की होडीची तपासणी आणि नोंदणी लागते. तेव्हा इंजिन विकणाऱ्याकडे जाण्यापूर्वी जिल्हाधिकारी कचेरीत विचारून घ्यावं.

सल्ल्याची फी द्यावी लागली. भावाला ती जड वाटली. मी म्हटलं, छपराचे पैसे वाचले त्यातून दे. आता ठरलंय ते असं. इंजिन लहान, तेही नोंदणीचा कागद हाती आल्यावरच. छपराऐवजी बांबूच्या कमानीवर कापडाची सावली, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतकी, वारा सुटला की गाठ ओढून उतरवता येईल अशी. ती गाठ भावजय शिकलीय. आणि दोन्ही पोरींसाठी तरंगणारी जाकिटं मागवलीत. धाकटी ती घरातसुद्धा काढत नाही म्हणे.