रेघा त्यांच्या, भुर्दंड हौशींना

2025च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने मोटारींवरचा कर उतरवला आणि दसरा-दिवाळीला शोरूममध्ये पेढे वाटले गेले. त्याच्या महिनाभर आधी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 20 वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क दहा हजार रुपये केले, ती बातमी आतल्या पानात विरून गेली. दोन्ही निर्णय वर्गवारीचे आहेत. कोणती गाडी लहान, कोणती मोठी, कोणती अजून चालण्याजोगी आणि कोणती म्हातारी, हे दिल्लीत बसून ठरवले गेले. रविवारी सकाळी मुरमाच्या मैदानावर कोनांमधून स्वतःची गाडी पळवणाऱ्या हौशी ऑटोक्रॉस स्पर्धकाचा विचार या दोन्ही वेळी कोणाच्या डोक्यात नव्हता. फटका मात्र त्यालाच बसला. त्यात खेळाच्या स्वतःच्या वर्गवारीची भर आहे. आमचा राग या तिन्हींवर आहे, आणि सर्वाधिक राग शेवटच्या वर्गवारीवर आहे, कारण ती आपल्याच माणसांनी केलेली आहे.

हा हौशी स्पर्धक म्हणजे कोण? त्याच्यामागे टायर कंपनी नसते, टीम नसते, गाडी वाहून न्यायला ट्रेलर नसतो. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात नोकरी किंवा छोटा धंदा करणारा हा माणूस असतो. जुनी एस्टीम किंवा पहिल्या पिढीची स्विफ्ट त्याने हप्त्याने नाही तर साठवलेल्या पैशांनी घेतलेली असते. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे दुकान बंद झाल्यावर ती उघडायची, क्लच प्लेट बदलायची, सस्पेन्शनचे बुश बदलायचे, टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवायचे, स्टेपनी आणि जॅक उतरवून किलो-किलो वजन कमी करायचे. सकाळी टँकरने मैदानावर पाणी मारलेले असते, तरी दहाव्या गाडीला धुरळा उडतोच. स्क्रुटिनीच्या रांगेत हेल्मेट दाखवायचे, पट्टा ओढून दाखवायचा, दारावर नंबर चिकटवायचा. मग दीड-दोन मिनिटांची एक फेरी. कोन पडला की दंडाचे सेकंद, वाट चुकली की फेरी बाद. शेवटी एका कागदावर त्याची वेळ आणि त्याचा वर्ग लिहिला जातो. त्या एका ओळीसाठी त्याने वर्षभराची बचत घातलेली असते. वर्गाची रेघ सरकली की त्या ओळीचा अर्थच जातो. चालवणारा तोच, गाडी तीच, वेळही तीच. पण काल जो पहिला होता तो आज सातवा ठरतो, कारण त्याच्यासमोर कोणाला उभे करायचे हे कागदावर बदललेले असते.

म्हणूनच वर्गवारी ही या खेळातली कारकुनी बाब नाही. हौशी खेळात वर्गवारी हाच खेळ आहे. पैसेवाला स्पर्धक नियम बदलला की गाडी बदलतो. हौशी माणूस गाडी बदलू शकत नाही, तो खेळ सोडतो.

सरकारी रेघेचा इतिहास पाहा. 2006च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे अबकारी शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले गेले. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, डिझेल 1500 सीसीच्या आत. एका झटक्यात आपल्या देशातल्या मोटारींचा साचा ठरून गेला. 2005 साली 1298 सीसीचे इंजिन घेऊन आलेली स्विफ्ट 2010 मध्ये 1197 सीसीची झाली. सेडान गाड्यांच्या डिक्क्या कापून त्या चार मीटरमध्ये बसवल्या गेल्या. इंडिगो सीएस आली, मग डिझायरही आखूड झाली. पॅलिओ 1.6, आयकॉन 1.6, जुनी 1.6ची बलेनो, दीड लिटरची होंडा सिटी व्हीटेक, ज्या गाड्यांवर एक पिढी वळणे घ्यायला शिकली, त्यांच्यासारखी स्वस्त, हलकी आणि दमदार गाडी पुन्हा बाजारात येणे अवघड होऊन बसले. सुझुकीने जगभर विकलेली स्विफ्ट स्पोर्ट भारतात कधी आलीच नाही. पोलो 2022 मध्ये बंद झाली.

जीएसटीच्या नव्या रचनेत ही रेघ पुसण्याची संधी होती. ती पुसली नाहीच, उलट अधिक खोल केली. पूर्वी लहान पेट्रोल मोटारीवर उपकरासह 29 टक्के आणि मध्यम सेडानवर 45 टक्के कर होता, म्हणजे 16 टक्क्यांचे अंतर. आता 18 आणि 40, म्हणजे अंतर 22 टक्क्यांचे. दोन्हींचा कर कमी झाला म्हणून टाळ्या पडल्या, पण रेघेच्या दोन बाजूंमधली दरी रुंदावली याकडे कोणी पाहिले नाही. उद्याही कंपन्या 1200 सीसीच्या आतलेच इंजिन बनवतील आणि त्याला जोर हवा असेल तर टर्बो लावतील.

मोठी अडचण इथूनच सुरू होते. मोटर स्पोर्टच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे एफआयएचा, वर्षानुवर्षांचा हिशेब असा आहे की पेट्रोल टर्बो इंजिनाची क्षमता 1.7ने गुणायची आणि मग वर्ग ठरवायचा. आपल्या देशातली मोटर स्पोर्टची संघटना, एफएमएससीआय, एफआयएची सदस्य आहे आणि आपल्याकडचे वर्गही प्रामुख्याने सीसीवर उभे आहेत: साधारण 1100, 1400, 1600च्या आसपासच्या पायऱ्या आणि त्यापुढे ओपन. आता हिशेब करून पाहा. 998 सीसीची टर्बो फ्रॉन्क्स करखात्याच्या दृष्टीने लहान गाडी आहे, लांबी 3995 मिलिमीटर, कर 18 टक्के. मैदानावर तिला 1.7ने गुणले की ती 1697 सीसीची होते आणि 1600च्या पुढे जाऊन पडते. तिची ताकद 100 पीएस. तिच्यासमोर उभी राहते 1.8 लिटरची जुनी सिव्हिक, जिची ताकद त्याहून सुमारे 30 पीएसने अधिक. 1199 सीसीची टर्बो अल्ट्रोझ रेसर गुणाकारानंतर 2038 सीसीची ठरते. जी गाडी सरकारने लहान म्हणून घ्यायला लावली, तीच गाडी खेळाने मोठी म्हणून मागे ढकलली. तरुणाने काय करायचे? नवी गाडी घेतली तर वर्ग चुकतो, जुनी ठेवली तर शुल्क वाढते.

त्या शुल्काचेही बघू. 2022च्या एप्रिलपर्यंत 15 वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणी 600 रुपयांत होत होती. ती पाच हजार झाली. आता 20 वर्षांवर दहा हजार. पहिली स्विफ्ट मे 2005 मध्ये रस्त्यावर आली, म्हणजे तिने नुकतीच विशी ओलांडली. हौशी ऑटोक्रॉसचा कणा असलेली गाडी नेमकी आता महाग वर्गात गेली. हरित कर वेगळा, फिटनेसचे हेलपाटे वेगळे, आरटीओतला एजंट वेगळा. जुन्या गाड्या धूर सोडतात म्हणून त्या रस्त्यावरून काढायच्या, हे सरकारचे म्हणणे तत्त्वतः मान्य. पण महिन्यातून दोनदा घराबाहेर निघणारी, गॅरेजवाल्याच्या हाताखालून नेमाने जाणारी आणि प्रदूषणाच्या चाचणीत उत्तीर्ण होणारी मोटार, आणि रोज शंभर किलोमीटर काळा धूर ओकणारे वाहन यांना एकाच वयाच्या पट्टीने मोजणे हा आळस आहे. वय मोजणे सोपे म्हणून वय मोजले जाते.

आता आपल्या घरातली गोष्ट. हौशी स्पर्धांमध्ये गेली अनेक वर्षे एक पद्धत रुळली आहे. नियम बदलतात ते पूरक नियमावलीत, आणि ती येते स्पर्धेच्या तोंडावर. नोंदी कमी आल्या तर वर्ग वरच्या वर्गात मिसळले जातात, आणि हे अनेकदा मैदानावर पोचल्यावर कळते. ज्याने आपल्या वर्गाच्या मर्यादेत राहण्यासाठी गाडीला हातही लावला नाही, तो अचानक पूर्ण तयार केलेल्या गाड्यांसमोर उभा राहतो. टायरला कोणता शिक्का चालेल, एअर फिल्टर बदललेला चालेल का, मागची सीट काढलेली चालेल का, याची उत्तरे शहरागणिक बदलतात. प्रवेशशुल्क भरलेले असते, रजा टाकलेली असते, घरी सांगून आलेला असतो. तक्रार करायची तर त्यासाठी वेगळे शुल्क. मग तो मुकाट्याने फेरी मारतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

आयोजकांची बाजूही आहे. मैदान मिळत नाही, पोलीस परवानगीला महिने जातात, रुग्णवाहिका आणि विमा यांचा खर्च वाढला, आणि दोन गाड्यांसाठी वेगळा करंडक ठेवणे परवडत नाही. हे सगळे खरे. पण यातले एकही कारण वर्ग आधी का जाहीर करता येत नाहीत, याचे उत्तर देत नाही. कागद छापायला मैदान लागत नाही.

हे करता येते, हे अमेरिकेत दिसते. तिथला स्पोर्ट्स कार क्लब, एससीसीए, 1944 पासून आहे आणि त्याच्या ऑटोक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धेला नेब्रास्कातल्या लिंकन शहरात हजारावर स्पर्धक येतात. तिथे गाडीचा वर्ग केवळ सीसीवर ठरत नाही. मॉडेल आणि वर्ष यांसह नियमपुस्तकात नाव लिहिलेले असते, आणि ते नाव ती गाडी प्रत्यक्षात किती वेगवान ठरते हे पाहून वर-खाली होते. बदलाचा प्रस्ताव आधी छापला जातो, सदस्यांची पत्रे मागवली जातात आणि नियम सहसा 1 जानेवारीपासून लागू होतात. 2014 मध्ये तिथे मोठा बदल झाला. सर्वात साध्या वर्गातून स्पर्धेचे खास चिकट टायर काढून टाकले गेले आणि रस्त्यावरचे टायर आले. त्यावर प्रचंड वाद झाला, कित्येकांचे महागडे टायर पडून राहिले. पण बदल येतो आहे हे लोकांना आधीपासून माहीत होते आणि तो हौशी माणसाचा खर्च कमी करण्यासाठी होता. तिथेही दर हिवाळ्यात कुणाची ना कुणाची गाडी दुसऱ्या वर्गात जाते आणि तो चिडतो. मात्र का गेली हे त्याला वाचायला मिळते, आणि पत्र लिहिले तर ते पोचते.

आपल्याकडे साध्या वर्गाला जपणे आणखी एका कारणाने गरजेचे आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल केलेले वाहन रस्त्यावर चालणार नाही. म्हणजे जो माणूस स्वतःची गाडी चालवत मैदानावर येतो आणि तीच चालवत घरी जातो, त्याला कायद्याने गाडी मुळात होती तशीच ठेवावी लागते. त्याच्यासाठी बिनबदलाचा वर्ग हा एकच दरवाजा आहे. तो ओपनमध्ये मिसळणे म्हणजे ज्याच्याकडे ट्रेलर नाही त्याला हाकलणे.

या सगळ्याला फार थोड्या लोकांचा छंद म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी मे 2024 मधला पुण्यातल्या कल्याणीनगरचा अपघात आठवावा. भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. वेगाचे आकर्षण मुलांना असतेच, प्रश्न त्यांनी ती हौस कुठे फेडायची हा आहे. चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा इथे मोठे ट्रॅक आहेत. महाराष्ट्राने, जिथे चाकण आणि पिंपरीत देशातल्या मोटारींचा मोठा हिस्सा बनतो, आपल्या मुलांना काय दिले? कोल्हापुरातल्या कार्टिंगच्या ट्रॅकसारखे प्रयत्न खासगी माणसांच्या हट्टावर उभे राहतात. हेल्मेट, मार्शल, रुग्णवाहिका आणि मोकळे मैदान असलेला ऑटोक्रॉस हा वेगाला शिस्त लावणारा सर्वात स्वस्त वर्ग आहे. ब्रेक कुठे लावायचा, चाक घसरले तर स्टेअरिंग कसे सावरायचे, हे कोणतीही ड्रायव्हिंग स्कूल शिकवत नाही. ते या मैदानावर शिकता येते, आणि नेमक्या याच मैदानावरून आपण साध्या माणसाला हटवतो आहोत.

तेव्हा एफएमएससीआयने पुढच्या हंगामाचे हौशी वर्ग हंगाम सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी जाहीर करावेत आणि तीन वर्षे त्यांना हात लावू नये. टर्बोसाठी सरसकट 1.7चा गुणाकार हौशी स्पर्धांमध्ये सोडून द्यावा आणि ताकद भागिले वजन या हिशेबाने मॉडेलनिहाय यादी काढावी. विजेरी गाडीला तर सीसीच नाही, तिची सोयही यातूनच होईल. नोंदी कमी आल्या तरी बिनबदलाचा वर्ग दुसऱ्या कशात मिसळू नये, करंडक नको असेल तर देऊ नका, पण वेळ त्याच्या वर्गात नोंदवा. नियम ठरवणाऱ्या समितीत दोन जागा अशा स्पर्धकांना द्याव्यात, ज्यांच्या गाडीवर कोणाचेही जाहिरातीचे स्टिकर नाही. आणि फेरनोंदणीच्या शुल्काबाबत मंत्रालयाकडे संघटनेने लेखी मागणी करावी: परवानाधारक स्पर्धकाच्या, प्रदूषण चाचणीत उत्तीर्ण झालेल्या एका मोटारीला 20 वर्षांनंतरही जुनाच पाच हजारांचा दर लागू ठेवावा.