सिलिकॉनवर सिलिकॉन नको

ब्रिटन किंवा जर्मनीत जुना कॅम्पर विकत घ्यायला गेलेला जाणकार माणूस इंजिन सुरू करण्याआधी आत शिरतो आणि प्रत्येक खिडकीखालच्या दोन्ही कोपऱ्यांत भिंतीवर अंगठा दाबून पाहतो. भिंत टणक लागली तर ठीक. अंगठा किंचित आत गेला, तर पत्र्यामागचे लाकूड कुजले आहे. मग तो बाहेर येऊन त्याच खिडकीची कड न्याहाळतो. पुष्कळदा तिथे पांढऱ्या सिलिकॉनचा जाडसर, बोटाने ओढलेला पट्टा दिसतो. आधीच्या मालकाला गळती कळली होती. जुने सीलंट खरवडून काढण्याचा त्रास टाळून त्याने त्यावरच नवी ट्यूब रिकामी केली, असा त्याचा अर्थ.

हा पट्टा दुरुस्ती म्हणून खपतो. प्रत्यक्षात तो पुढच्या मालकाच्या माथी मारलेला खर्च असतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाने याची दखल आताच घ्यायला हवी. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. व्हॅन आणि मिनीबसवर बांधलेली फिरती घरे आपल्या रस्त्यांवर दिसू लागली आहेत. आज ती नवी आहेत. काही वर्षांनी तीच सेकंड हँड बाजारात येतील, आणि तेव्हा त्यांची किंमत इंजिनाइतकीच खिडक्यांच्या कडांवर ठरेल. युरोपातल्या मालकांनी पैसे मोजून जे शिकून घेतले, ते आपल्याला फुकटात उपलब्ध आहे: गाडीची खिडकी पुन्हा काढता येईल अशाच सीलंटने बसवावी, आणि गळती लागली तर जुना थर पूर्ण निघाल्याशिवाय नवा लावू नये.

जुन्या युरोपीय कॅराव्हॅनची भिंत फार साधी असते. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत पातळ प्लायवुड, मधे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि थर्माकोल. खिडकीसाठी या भिंतीला भोक पाडले की चारही कडा उघड्या पडतात. त्यांना पावसापासून वाचवतो तो चौकटीखालचा काही मिलिमीटर जाडीचा सीलंटचा थर. तिथून शिरलेले पाणी सरळ खाली टपकत नाही. पत्र्यामागून, लाकडाच्या सांध्यांतून सरकत ते खिडकीपासून दूर कुठेतरी डाग होऊन उमटते. तोवर लाकूड बरेच भिजलेले असते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला हवे ते मिळते. म्हणूनच ब्रिटनमध्ये जुना कॅराव्हॅन विकताना ओलावा मोजण्याचे यंत्र भिंतींवर फिरवले जाते, आणि पाणी शिरण्याविरुद्ध उत्पादकाने दिलेली हमी टिकवायची तर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते.

सीलंट हरते ते बहुधा पावसापुढे नव्हे, उन्हापुढे. मीटरभर लांबीची ॲक्रिलिकची खिडकी तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने सुमारे पावणेतीन मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा एक मिलिमीटरही वाढत नाही. जिथे या दोन गोष्टी एकमेकींना चिकटवलेल्या असतात, तिथे मधल्या थराला रोज दुपारी ताणावे आणि रोज रात्री आकसावे लागते. शिवाय गाडीचे हादरे. पंधरा-वीस वर्षांनी तो थर थकला, तर त्यात सीलंटचा दोष नाही. त्याला बदलायची वेळ आली आहे, इतकेच. बदलणे सोपे की अशक्यप्राय, हे मात्र पहिल्या दिवशी काय वापरले त्यावर ठरते.

सुताराच्या हाताखाली वाढलेल्यांना खिडकीच्या काचेभोवतीची लांबी आठवत असेल: खडूची भुकटी आणि जवसाचे तेल. ती वाळून दगड होई, पण पटाशीने टवका उडवता येई. गाड्यांच्या खिडक्यांत आज प्रामुख्याने तीन वेगळे पदार्थ भेटतात, आणि ते ओळखता आले नाहीत तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

पहिला ब्युटाइल. अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी १९३७ मध्ये हे रबर तयार केले. त्यातून हवा जवळजवळ झिरपत नाही, म्हणून टायरच्या ट्यूब त्याच्या होऊ लागल्या. सायकल किंवा ट्रकच्या ट्यूबमुळे आपल्या हाताला ते ओळखीचेच आहे. कॅम्परच्या खिडकीत ते करड्या किंवा काळ्या चिकट पट्टीच्या रूपात येते. ही पट्टी कधीच पक्की होत नाही. वीस वर्षांनीही किंचित ऊब दिली की ती नरम पडते, चौकट उचलली की तारा सुटतात. चौकट स्क्रूने आवळून बसवली असेल तर ब्युटाइलला फक्त फट भरायची असते, ताकद लावायची नसते. उरलेला चिकटा काढायची कारागिरांची युक्तीही सुंदर आहे: निघालेल्या ब्युटाइलचाच गोळा करायचा आणि तो डागावर टपटप दाबत राहायचा. गोळा आपल्या भावंडांना उचलून घेतो.

दुसरे पॉलियुरेथेन. हवेतल्या दमटपणाने ते पक्के होते आणि मग ते जवळजवळ गाडीचाच भाग बनते. कोणत्याही साध्या द्रावकात ते विरघळत नाही. कापूनच काढावे लागते. पांढरे असेल तर उन्हाने पिवळे पडते, त्यावर बारीक भेगा दिसतात. जिथे खिडकीला स्क्रू नाहीत, निव्वळ चिकटवूनच धरायची आहे, तिथे ते कामी येते. गाड्यांच्या पुढच्या काचा त्यावरच टिकून असतात.

तिसरे सिलिकॉन, आणि सारी रडकथा त्याचीच. काचेवर, न्हाणीघरात, मत्स्यालयात ते उत्तम आहे, हे मान्यच करायला हवे. उन्हापुढे ते पॉलियुरेथेनपेक्षा कितीतरी अधिक टिकते. खोट निघते ती काढून टाकायची वेळ येते तेव्हा. सिलिकॉनचा पट्टा रबरासारखा ओढून निघतो, पण मागे डोळ्यांना न दिसणारा तेलकट थर ठेवून जातो, आणि त्यावर काहीही चिकटत नाही. रंग चिकटत नाही, ब्युटाइल चिकटत नाही, दुसरे सिलिकॉनसुद्धा नीट चिकटत नाही. वाहन कारखान्यांच्या पेंट शॉपमध्ये सिलिकॉन असलेले मलम किंवा पॉलिशसुद्धा आत नेऊ देत नाहीत, कारण त्याचा अंशही रंगात खळगे पाडतो. स्वस्त सिलिकॉन पक्के होताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते ॲसेटिक ॲसिड असते, आणि उघड्या धातूला ते गंजवते. अशा पदार्थाचा दुसरा थर गळणाऱ्या खिडकीवर ओढणे म्हणजे पाण्याला आतली वाट मोकळी ठेवून बाहेरून दार रंगवणे होय.

मग ते काढायचे कसे? शक्य असेल तर खिडकी जागेवर ठेवून काम करूच नये. आतल्या बाजूची कडी किंवा पट्टी स्क्रू सोडवून काढावी, बाहेरच्या चौकटीमागे पातळ पाते सरकवावे, पॉलियुरेथेन असेल तर बारीक पोलादी तार दोन्ही टोकांनी धरून करवतीसारखी ओढावी. चौकट मोकळी होऊन टेबलावर आली की निम्मे काम झाले. घाई करणारा इथे स्क्रू-ड्रायव्हरने उचकटतो आणि पातळ पत्र्याला कायमची घडी पाडतो.

उष्णता मदत करते, पण बेताची. ॲक्रिलिक साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ होते, आणि हीट गनच्या तोंडाशी हवा ५०० अंशांवर जाऊ शकते. केस वाळवायचा ड्रायर पुरतो. जिथे ऊब दिली तिथे हात ठेवता आला पाहिजे. खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी. पोलादी पाते उघड्या पत्र्यावर चालेल, ॲक्रिलिकवर त्याचा प्रत्येक ओरखडा राहतो.

सर्वांत जास्त खिडक्या मरतात त्या मात्र बाटलीतल्या द्रवाने. आपल्याकडे गॅरेजमध्ये चिकट काही दिसले की हात पेट्रोलकडे किंवा थिनरकडे जातो. ॲक्रिलिकचे बोर्ड बनवणारे कारागीर दोन तुकडे क्लोरोफॉर्मने जोडतात, हे अनेकांनी पाहिले असेल: तो द्रव ॲक्रिलिक विरघळवतो, म्हणूनच सांधा बसतो. थिनरमधले टोल्यूइन आणि ॲसिटोन खिडकीचे तेच करतात. कधी पृष्ठभाग लगेच दुधाळ होतो. कधी त्या दिवशी काहीच दिसत नाही, आणि नंतर ताणाच्या जागी कोळिष्टकासारख्या बारीक भेगा उमटतात. तो द्रव फटीतून भिंतीत उतरला तर तिथे थर्माकोल असतो, आणि पेट्रोल पडलेल्या थर्माकोलचे काय होते हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. थिनर मिळते त्याच रंगांच्या दुकानात, त्याच फळीवर टर्पेंटाइन मिळते. ब्युटाइलचा चिकटा त्याने निघतो आणि ॲक्रिलिकला ते सहसा सोसते. तरीही आधी एखाद्या झाकल्या कोपऱ्यात थेंब लावून वाट पाहावी. सिलिकॉन पचवणारी खास रसायने मिळतात, ती उघड्या पत्र्यावर ठीक. प्लॅस्टिकवर तीही चाचणीशिवाय नकोत.

एक अपवाद इथे सांगायलाच हवा, कारण काच बदलणारे कारागीर तो बरोबर पाळतात. गाडीची पुढची काच बदलताना पॉलियुरेथेनचा जुना थर मुळापासून खरवडत नाहीत. एक-दोन मिलिमीटर जाडीचा स्वच्छ कापलेला थर मुद्दाम राखतात, कारण ताजे पॉलियुरेथेन ताज्या कापलेल्या पॉलियुरेथेनला घट्ट धरते. कारागिराला पदार्थाची जात कळते, म्हणून तो काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवू शकतो. कॅम्परच्या बाबतीत ही माहितीच हरवलेली असते. जुन्या गाडीवर दोन-तीन मालकांनी तीन वेगळे पदार्थ एकावर एक चढवलेले असतात, आणि खालून वर काय आहे ते सांगायला कोणी नसते.

कारागिरांची बाजूही खरी आहे. एका खिडकीची कड नीट साफ करायला अर्धा दिवस जातो, आणि काम संपल्यावर दाखवायला काही नसते; खिडकी आधी होती तशीच दिसते. ग्राहक अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला कचरतो. सिलिकॉनची ट्यूब दहा मिनिटांत रिकामी होते आणि पांढरी रेघ समाधान देते. या व्यवहारात दोष कारागिरापेक्षा ग्राहकाचा अधिक आहे. खरवडण्याची मजुरी हीच दुरुस्तीची खरी किंमत आहे, नव्या सीलंटची किंमत त्यापुढे नगण्य, हे पैसे देणाऱ्याने समजून घेतल्याशिवाय हे बदलणार नाही. युरोपात अख्खी नवी ॲक्रिलिक खिडकी शेकडो युरोंना पडते, कुजलेली भिंत उघडून पुन्हा बांधायची तर त्याच्या कितीतरी पट.

आपल्याकडे तर गरज अधिक तातडीची आहे. लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही तिथले कॅराव्हॅनमालक ओलीच्या भीतीने जगतात. रत्नागिरीत ३,००० मिलिमीटरहून अधिक पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. आंबोलीत त्याच्या जवळपास दुप्पट. पर्यटक कॅम्पर घेऊन जातील ते नेमके तिथेच, आणि मे महिन्यात तापून निघालेले सीलंट जूनमध्ये त्या पावसासमोर उभे राहील.

म्हणून कॅम्पर बांधणाऱ्या कार्यशाळांकडे ग्राहकाने आजच चार गोष्टी मागाव्यात. स्क्रूने आवळलेल्या खिडकीखाली ब्युटाइल असावे. निव्वळ चिकटवलेल्या काचेला पॉलियुरेथेन लावावे आणि ते कापायचे आहे याची जाणीव ठेवावी. खिडकीच्या बाहेरच्या कडेवर सिलिकॉन येऊ नये. कोणत्या खिडकीत कोणता पदार्थ, कोणत्या साली घातला, हे गाडीच्या सर्व्हिस बुकात एका पानावर लिहून मिळावे. राज्याच्या पर्यटन विभागालाही कॅराव्हॅनच्या नियमांत हे पान आणि पावसाळ्याआधीची पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी घालता येईल; त्याला वेगळे यंत्र लागत नाही, नळी आणि आत बसून खिडकीखालचे कोपरे कोरड्या फडक्याने पुसत राहणारा एक माणूस पुरतो.